अर्धा चष्मा

माझी लेक चहा ओतते तेव्हा किटलीची चोच आधी कपाच्या काठाला टेकवते. टक् असा बारीक आवाज येतो आणि मगच ती किटली कलती करते. पंचेचाळीस वर्षं मी तो आवाज ऐकते आहे. एकाच डोळ्याने बघणाऱ्याला कप नेमका किती लांब आहे ते कळत नाही, म्हणून ही तिची युक्ती. आल्यागेल्याला वाटतं, बाईंची मुलगी काय नाजूकपणे चहा ओतते!

त्या रविवारी सकाळी टक् झालं नाही. चोच कपाशेजारी टेबलावर टेकली आणि वाफाळता चहा टेबलक्लॉथवर पसरला.

"अगं बाई, हात हलला," लेक म्हणाली आणि फडकं आणायला उठली.

माझी नात फोनवर काहीतरी शोधत होती. तिने वर पाहिलंसुद्धा नाही. मी पाहिलं. हात हलला नव्हता. हात अगदी स्थिर होता, कपच तिथे नव्हता.

आमच्या घरात आम्ही तिघीच. मी, माझी लेक आणि तिची लेक. लेक छप्पन्न वर्षांची झाली, पोस्टात काउंटरला बसते, तरी घरात ती अजून बेबीच. नातीला आम्ही चिऊ म्हणतो. जावई चार वर्षांपूर्वी गेले आणि त्यांच्या आजारपणात घरातलं होतं नव्हतं ते संपलं. बेबीचा डावा डोळा लहानपणापासूनच कामाचा नाही. आता उजव्यात मोतीबिंदू वाढला होता. एरवी मोतीबिंदू म्हणजे सकाळी जा, दुपारी घरी या. पण एकच चालता डोळा, म्हणून डॉक्टर म्हणाले, हा हात अनुभवी माणसाचाच हवा, मोठ्या हॉस्पिटलात करा. तिथला खर्च मोठा.

मी माझं पेन्शनचं पासबुक पुढे केलं होतं. बेबीने ते माझ्याकडे परत सरकवलं. "डोळ्यासाठी तुझे नकोत, आई," एवढंच म्हणाली. आवाज चढला नाही, भांडण नाही. मी पासबुक उचललं. मला बोलायला तोंड नव्हतं.

मग चिऊने पुढाकार घेतला. तिला नुकतीच प्राथमिक शाळेत नोकरी लागली होती. "माझे पहिले सहा पगार आईच्या डोळ्याचे," तिने जाहीर करून टाकलं. चार महिने तिने ते पाळलंही.

"हे बघा!" त्या रविवारी तिने फोन टेबलावर ठेवला. "माझ्या वर्गातला वाचनकोपरा. कपाट सुताराकडून करून घेतलं, मुलांच्या उंचीचं. गोष्टींची सत्तर पुस्तकं. परवापासून मधल्या सुट्टीत एकही पोरगं बाहेर जात नाही. हेडमॅडम सगळ्या शिक्षकांना घेऊन बघायला आल्या होत्या!"

"शाळेने पैसे दिले?" मी विचारलं.

"शाळा कसली देते, आजी! शाळा पांढरे खडू देते. तुला काय सांगायचं?" ती हसली. मग आईकडे वळून जरा घाईने म्हणाली, "पाचव्या आणि सहाव्या पगाराचे वापरले मी. पण पुढच्या चार-पाच महिन्यांत भरून काढते. तू म्हणालीस ना, घाई नाही?"

"नाहीच मुळी," बेबी म्हणाली. तिने फोन उचलून उजव्या डोळ्यापाशी नेला, लांब केला, परत जवळ नेला. "छान आहेत गं मुलं. कशी रमलीत वाचण्यात!"

फोटोत एकही मूल नव्हतं. नुसतं पिवळं कपाट आणि पुस्तकांच्या रांगा.

"आई, तुझं लक्ष कुठे असतं!" चिऊ खो खो हसली.

बेबीही हसली. मग ब्रेड संपलाय म्हणून पिशवी घेऊन बाहेर पडली. जिन्यात कठड्यावरून तिचा हात सरकत गेलेला मला आतूनही ऐकू आला. पूर्वी ती कठडा धरत नसे.

मी टेबलापाशीच बसून राहिले. टेबलक्लॉथवर चहाचा डाग सुकत होता. चिऊ कपाटाला कुठला रंग आधी दिला आणि तो कसा जमला नाही, मग पिवळा कसा ठरला, ते सांगत होती. तिच्या तोंडावर जे तेज होतं ना, ते मी चांगलं ओळखते. आरशात पाहिलं आहे मी ते.

मी पस्तीस वर्षं शिकवलं, बहुतेक सगळी वर्षं दुसरीला. आमच्या वेळी शिक्षक खर्च कसा करतात हे बघायचं असेल तर स्टेशनरीच्या दुकानात जावं. पगार झाला की आम्ही चार-पाच जणी तिथे. रंगीत खडू, जाड कागद, गोंद, चांदण्यांची पाकिटं. दुकानदाराने माझ्यासाठी वेगळं स्टूल ठेवलं होतं. स्वतःसाठी चप्पल घ्यायची तर आम्ही सहा दुकानं फिरायचो आणि शेवटी जुनीच शिवून आणायचो. वर्गासाठी घ्यायचं तर भाव विचारायलाही विसरायचो. भूगोलाच्या बाईंनी एकदा घरात दिवा नव्हता तरी पृथ्वीचा गोल घेतला होता. माझे यजमान छापखान्यात प्रुफं तपासायचे. ते म्हणायचे, "तुझा पगार घरी यायला निघतो खरा, पण वाटेत शाळा लागते."

लोकांना वाटतं, हा त्याग. थोडा असेलही. पण दिवसाचे सहा तास चाळीस चेहरे समोर असतात. कुणाची पाटी फुटली, कुणाचा बूट फाटला, सगळं डोळ्यांसमोर. जे समोर दिसतं त्यावर हात सुटतो. शिवाय घरात नवी बादली आणली तर कुणी टाळ्या वाजवत नाही. वर्गात नुसता नवा तक्ता लावला तरी चाळीस तोंडं 'आ' करतात. बाईंना त्या 'आ'ची सवय लागते. मला लागली होती.

माझी खासियत म्हणजे डोळे. दरवर्षी शाळा सुरू झाली की पहिल्या आठवड्यात मी एकेका मुलाला मागच्या भिंतीशी उभं करायची, एका डोळ्यावर वही धरायला लावायची आणि फळ्यावरची अक्षरं वाचून घ्यायची. मग दुसरा डोळा. पोरं लबाड. पुढच्याचं ऐकून पाठ करून यायची, म्हणून दर दोघांनंतर मी अक्षरं बदलायची. ज्यांना दिसायचं नाही त्यांना शनिवारी चष्मेवाल्या काकांकडे न्यायची. ज्यांच्या घरून जमण्यासारखं नसे त्यांचा चष्मा माझ्या पगारातून. एखाद्या वर्षी दोन, एखाद्या वर्षी पाच. गावात मला 'चष्म्याच्या बाई' म्हणायला लागले. अजूनही बाजारात एखादा टकलू गृहस्थ वाकून म्हणतो, "बाई, तुमच्यामुळे फळा दिसला हो!" चिऊने हे लहानपणापासून पाहिलं. ती शिक्षिका झाली ती त्यामुळेच, असं ती सगळ्यांना सांगते.

तिला हेही सांगितलेलं होतं की आईचा डोळा जन्मापासून तसाच. हे मी सांगितलं नाही. बेबीने सांगितलं. मी फक्त दुरुस्त केलं नाही.

"चिऊ," मी म्हटलं, "फोन खाली ठेव. मला काहीतरी सांगायचंय आणि तुझी आई यायच्या आत सांगायचंय."

"काय गं, एवढं गंभीर?"

"तुझ्या आईने मघाशी फोटोत मुलं बघितली. ती थट्टा नव्हती. तिला फोटो दिसलाच नाही."

तिचं हसू अर्ध्यावर थांबलं. "पण ती म्हणाली, घाई नाही."

"ती तशीच म्हणते. तिला सवय आहे. का आहे, ते ऐक."

आणि मी सांगितलं.

बेबी सात वर्षांची होती, माझ्याच शाळेत दुसरीला. पण शिक्षिकेचं मूल तिच्या स्वतःच्या वर्गात ठेवायचं नाही, असा आमच्या हेडसरांचा नियम. म्हणून ती शेजारच्या तुकडीत, भूगोलाच्या बाईंकडे. मी वही धरून डोळे तपासायची ते माझ्या वर्गाचे. त्या वर्षी माझ्या वर्गात चार चष्मे निघाले. चारही माझ्या पगारातून. मुलांनी चष्मे घातले, शाळाभर मिरवले, आणि नेहमीप्रमाणे पुढच्या आठवड्यात आणखी सहा जणांना दिसेनासं झालं!

हे दरवर्षी व्हायचं. चष्मा म्हणजे मुलांना दागिना वाटायचा. त्यावर चष्मेवाल्या काकांनी मला एक उपाय दिला होता, साध्या काचेचा चष्मा. नंबर-बिंबर काही नाही, खिडकीची असते तशी काच. सोंग करणाऱ्याच्या नाकावर तो ठेवायचा आणि विचारायचं, आता दिसतं का? "हो बाई, एकदम स्वच्छ!" म्हणाला की पकडला.

त्याच आठवड्यात बेबी मला म्हणाली, "आई, मला पण चष्मा दे ना."

मी वह्या तपासत होते. म्हटलं, "चष्मा म्हणजे खेळणं वाटलं का? ज्यांना दिसत नाही त्यांना देतात."

"मला पण दिसत नाही. या डोळ्याला." तिने डाव्या डोळ्यावर बोट ठेवलं. "या एकाच डोळ्याला दे. अर्धाच चष्मा. अर्ध्याला पैसे पण अर्धेच लागतील."

ती असं का म्हणाली ठाऊक आहे? पगाराला अकरा दिवस होते आणि घरात सकाळीच बोलणं झालं होतं की या महिन्यात चार चष्म्यांनी हात आखडला. पोरीने ते ऐकलं होतं. तिने आपल्या परीने स्वस्तात बसवलं होतं.

मला हसू आलं. मी पर्समधून तो साध्या काचेचा चष्मा काढला, तिच्या नाकावर ठेवला आणि भिंतीवरचं कॅलेंडर दाखवलं. "आता वाच बरं." तिने घडाघडा वाचलं. वाचणारच! उजवा डोळा चांगला होता आणि मी दोन्ही उघडे ठेवले होते. चाळीस मुलांचा एकेक डोळा झाकणारी मी, पोटच्या पोरीचा झाकला नाही. सोंग पकडायची घाई झाली होती ना मला.

"पकडली चोर!" मी म्हटलं. "ही काच साधी आहे, बेबीबाई."

 चष्मा काढून तिने माझ्या हातात दिला.

यजमान म्हणाले होते, "अगं, एकदा दाखवून तर आणू काकांना." मी म्हटलं, "अहो, मला रोजचा अनुभव आहे. मत्सर वाटतो मुलांना. चार दिवसांत विसरेल." दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये मी तो किस्सा सांगितला. आमची बेबी अर्धा चष्मा मागते! सगळे पोट धरून हसले. भूगोलाच्या बाई तर डोळे पुसत म्हणाल्या, "अहो, तिला व्यापारात घाला!" पुढे कित्येक वर्षं मी तो किस्सा सांगत होते. बेबीच्या देखत.

तिने परत कधी चष्मा मागितला नाही. काहीच मागितलं नाही.

ती अकरा वर्षांची असताना तिला उजव्या डोळ्यावर रांजणवाडी झाली. मी औषध लावून वर पट्टी बांधली. ती दोन पावलं चालली आणि दारावर आपटली. मला वाटलं, नखरे. मग तिने शांतपणे विचारलं, "आई, दिवा मालवलास का?" भर दुपार होती.

डॉक्टर फार चांगले होते, ओरडले नाहीत. म्हणाले, या डोळ्याला मोठा नंबर होता. चार वर्षं आधी आणलं असतं तर चष्मा दिला असता, चांगल्या डोळ्यावर रोज थोडा वेळ पट्टी बांधून याला कामाला लावलं असतं. आता मेंदूने याच्याशी बोलणं सोडलंय. या वयात पुन्हा बोलायला लागेल असं वाटत नाही. मग त्यांनी बेबीला विचारलं, "बाळ, तू कधी सांगितलं नाहीस घरी?"

बेबीने माझ्याकडे पाहिलं. आणि म्हणाली, "मला कळलंच नाही."

अकरा वर्षांची पोर! तेव्हापासून ती मला पाठीशी घालते आहे. लोक विचारतात, ती सांगते, जन्मापासून.

चिऊ ऐकत होती. कधीतरी तिने दोन्ही हात टेबलाखाली घेतले होते. माझ्याकडे ती बघत होती ती ओळखीच्या माणसाकडे बघतात तशी नव्हे.

"आणि तू नंतरही चष्मे देत राहिलीस?" तिने विचारलं.

"राहिले. आणखी वीस वर्षं. आधीपेक्षा जास्तच."

"आईला काय वाटत असेल?"

"मी विचारलं नाही कधी."

"मला हे आधी का नाही सांगितलंस?"

"तू मला चष्म्याची बाई म्हणून ओळखत होतीस. मला ते सोडवेना," मी म्हटलं. दुसरं उत्तर खरं नव्हतं.

ती उठून खिडकीशी गेली. "माझ्या वर्गात एक मुलगी आहे. कधीच बोलायची नाही. त्या कपाटासमोर बसून परवा मोठ्याने वाचायला लागली. ते चूक होतं का, आजी?"

"नाही."

"मग?"

"मग काही नाही. त्या मुलीला तू रोज बघतेस. आईला बघ, एवढंच म्हणते."

जिन्यात पावलं वाजली. बेबी सावकाश येत होती, एकेक पायरी चाचपत. आत येऊन तिने पिशवी ठेवली. आमच्या दोघींची तोंडं तिला दिसली नसतील, पण गप्प बसलेलं घर तिला बरोबर कळतं. "काय गं, भांडलात?"

"आई, इथे उभी राहा," चिऊ म्हणाली. तिचा आवाज बाईंचा झाला होता. तिने बेबीला दाराशी उभं केलं आणि समोरच्या भिंतीकडे बोट केलं. "कॅलेंडर वाच."

"हे काय खूळ?"

"वाच ना."

बेबीने महिन्याचं नाव वाचलं. पहिली तारीख कुठल्या वारी ते वाचलं. लाल आकडे कुठे कुठे आहेत ते धडाधड सांगितलं. चिऊने माझ्याकडे पाहिलं. क्षणभर तिच्या चेहऱ्यावर आशा होती. मी मान हलवली. पोस्टातल्या माणसाला महिना पाठच असतो.

चिऊ भिंतीपाशी गेली, तिने कॅलेंडरची तीन-चार पानं उलटली आणि मागे सरली. "आता वाच."

बेबी बघत राहिली. मान जरा डावीकडे केली, जरा उजवीकडे. मागच्या भिंतीशी उभी राहून माझी मुलं करायची अगदी तस्संच. मग ती सात वर्षांच्या मुलीसारखं खोटं बोलली. "आज उजेड कमी आहे."

खिडकीतून ऊन थेट कॅलेंडरवर पडलं होतं.

चिऊने जाऊन तिला मिठी मारली नाही, ती रडलीही नाही. ती म्हणाली, "किती दिवस झाले?"

"काउंटरवर चालतंय अजून. शिक्के हाताला ओळखू येतात."

"किती दिवस, आई?"

"दोन महिने."

म्हणजे चौथा पगार झाला तेव्हापासून. चिऊने मटकन खुर्चीत बसकण मारली. कपाट परत घेता येण्यासारखं नव्हतं, भिंतीत खिळे मारून बसवलं होतं. पुस्तकांवर तिने स्वतःच्या हाताने शाळेचे शिक्के मारले होते. ते ती एकेक करून मोठ्याने म्हणत होती, स्वतःलाच.

बेबी माझ्याकडे वळली. "सांगितलंस वाटतं हिला."

"हो."

"सगळं?"

"अर्ध्या चष्म्यासकट."

तिने पिशवीतून ब्रेड काढला, डब्यात ठेवला, डब्याचं झाकण दोनदा चुकलं, तिसऱ्यांदा लागलं. मग माझ्याकडे पाठ ठेवूनच म्हणाली, "स्टाफरूमचं पण?"

"ते पण."

"तेच जास्त लागलं होतं," ती म्हणाली. "डोळ्याचं काय, मला कळतही नव्हतं काय जातंय ते. पण सगळ्या बाई मला बघून हसायच्या. अर्धा चष्मा आला, म्हणायच्या."

पंचेचाळीस वर्षांत हे वाक्य आमच्या घरात पहिल्यांदा आलं. मी माफी मागितली का? मागितली. पण शब्द इतके जुने झाले होते की माझ्याच कानाला कुणाचे तरी उसने वाटले. ती "बरं" म्हणाली. त्यापेक्षा जास्त मी अपेक्षा करणं शोभलं नसतं.

मंगळवारी आम्ही तिघी मोठ्या हॉस्पिटलात गेलो. चिऊने रजा टाकली होती. निघताना बेबी दारात थांबली आणि पायांत चपला सरकवत म्हणाली, "आई, तुझं पासबुक घेतलंस का?"

मी घेतलं होतं. रविवारपासून पर्समध्येच होतं. मी नुसती पर्स थोपटली.

नोंदणीच्या खिडकीत एक तरुण मुलगी बसली होती. भराभर विचारत होती, भराभर लिहीत होती. नाव, वय, साखर आहे का, रक्तदाब आहे का.

"ऑपरेशन उजव्याचं. डाव्याला दिसतं?"

"नाही," बेबी म्हणाली.

"कधीपासून?"

बेबीने तोंड उघडलं. ती काय म्हणणार ते मला ठाऊक होतं. इतक्या वर्षांत तो शब्द तिच्या जिभेवर गुळगुळीत झाला होता.

"जन्मापासून नाही," मी म्हटलं. माझा आवाज वर्गातला निघाला, बाकांवरची माणसं वळून बघायला लागली. "सात वर्षांची होती तेव्हा तिने सांगितलं होतं. या डोळ्याने दिसत नाही म्हणून स्वतः सांगितलं होतं. मी तिची आई. मी शिक्षिका होते. मला वाटलं, सोंग करते आहे. मी..."

मुलीचं पेन कागदावर थांबलं होतं. चिऊ जमिनीकडे बघत होती. बेबीने हवेत हात पुढे केला, अंदाजाने, आणि तो माझ्या खांद्याऐवजी कानाला लागला. मग खाली सरकून खांद्यावर आला.

"आई," ती म्हणाली, "त्या फॉर्मवर एवढी जागा नसते गं."

आणि खिडकीकडे वळून म्हणाली, "लहानपणापासून, असं लिहा."